स्कार्ट आणि श्कार्त

सेलिमीर मिस्त्रीला गॅरेजच्या माळ्यावर लग्नाची कॅसेट सापडली, हे रुझित्साला दुकानात पाव घेताना कळलं, आणि ती पैसे देऊन पाव तिथेच विसरून घरी आली.

सेलिमीर म्हणजे आमच्या क्रुश्कोवो गावचा टीव्ही-रेडिओवाला. तरुणपणी गावातली लग्नंही तोच खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपायचा. रुझित्सा आणि तिहोमीरचं लग्न त्यानेच टिपलं, आणि नेमकी तीच कॅसेट अशी काही हरवली की तीस वर्षं गावाने त्याला सुखाने जेवू दिलं नाही. आता ती जुन्या गाद्यांखालून निघाली होती. दुकानात, चर्चच्या पायरीवर, न्हाव्याकडे, सगळीकडे त्याने जाहीर करून टाकलं होतं की रविवारी, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाच्या जेवणाला, ती सगळ्यांसमोर लावायची. "एकदाचा सफरचंदाचा निकाल लागू दे," म्हणाला.

आता हे सफरचंदाचं प्रकरण असं. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी मुलीकडचे लोक घरापाशी उंचावर एक सफरचंद टांगतात. वराकडच्यांनी ते बंदुकीने पाडायचं. ते पडेपर्यंत मुलगी दाराबाहेर येत नाही. शहाणी माणसं ते बेताच्या उंचीवर टांगतात. रुझित्साचा थोरला भाऊ रादोयित्सा शहाण्यांपैकी नव्हता. त्याने अंगणातल्या अक्रोडाच्या शेंड्याला वर आणखी एक लांब काठी बांधली, आणि तिच्या टोकाला ते सफरचंद असं लावलं की खालून बोरासारखं दिसावं. तिहोमीरने खांदा काळानिळा होईपर्यंत बार काढले. कोंबड्या शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या, वाडग्यांतल्या सूपवर साय धरली, पाद्री खुर्ची मागवून बसला. आणि मग सफरचंद पडलं. तिहोमीर धावत गेला, त्याने ते उचललं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर बियांसकट, देठासकट खाऊन टाकलं. तेव्हापासून गाव त्याला देठखाऊ म्हणतं.

"मी पाडलं," असं तिहोमीर तीस वर्षं सांगत आलाय. "मी पाडलं," असं रादोयित्साही तीस वर्षं सांगत आलाय, "मक्याच्या कणगीमागून, दया आली म्हणून. नाहीतर बहीण अजून माझ्याच ताटात जेवत असती." एकही बारसं, एकही सण, एकही डुक्कर कापण्याचा दिवस या भांडणावाचून गेला नव्हता.

दोघेही थापा मारत होते. सफरचंद रुझित्साने पाडलं होतं.

त्या दिवशी पहाटे काठी अजून अंगणात आडवी होती, तेव्हाच तिने भावाच्या गळाची दोरी चोरून सफरचंदाच्या देठाला बांधली आणि दुसरं टोक माळ्याच्या खिडकीत घेतलं. का, तर भावाला ती ओळखून होती आणि तिहोमीरच्या नेमालाही. ओढणी-बिढणी घालून ती खिडकीशी बसली, बार मोजायचे सोडून दिले, आणि सहन होईना तेव्हा दोरी ओढून सोडून दिली. तिला लग्न करायचं होतं, बस. वधूने मात्र रडत रडत, पाय ओढत बाहेर यायचं अशी रीत. वधूनेच सफरचंद ओढलं हे कळतं तर सासूबाईंनी जन्मभर ऐकवलं असतं.

सासूबाई आता राहिल्या नव्हत्या. प्रश्न तिहोमीरचा होता. तो भला माणूस, पण जिंकणारा नव्हे. त्याचा ट्रॅक्टर चालू होई तो उताराच्या कृपेने. पत्त्यांत तो पोरांकडून हरायचा. त्याची घरी गाळलेली राकिया पाहुणे भिडेखातर प्यायचे. सगळ्या आयुष्यात त्याच्याजवळ तो एक नेम होता. ती गोष्ट सांगताना त्याची पाठ सरळ व्हायची आणि तो अर्धी वीत उंच दिसायचा. रुझित्साला तो तसा दिसलेला आवडायचा. आणि आता ते सगळं पाहुण्यांसमोर, रादोयित्सासमोर, पडद्यावर उघडं पडणार होतं. कारण सेलिमीरने त्या वेळी कॅमेरा तीन पायांवर उभा केला होता आणि स्वतः प्यायला गेला होता. कॅमेऱ्याचं तोंड अक्रोडाकडे होतं, आणि अक्रोडाच्या मागेच ती खिडकी होती.

कॅसेट चोरायची सोय नव्हती, सेलिमीर ती काखेत घेऊन हिंडत होता. गावातला शेवटचा चालू कॅसेट प्लेअर तिहोमीरच्याच घरात होता, पण तो त्याने पुसूनबिसून मांडीवर घेतला होता. मग रुझित्साने नव्या टीव्हीच्या मागे जाऊन पाहिलं. हा टीव्ही मुलाने, नेनादने, परदेशातून, लिंझहून आणलेला. पापडासारखा पातळ, आणि मागे नुसती चपटी एचडीएमआयची भोकं. प्लेअरला मात्र एकच जुनं, रुंद, फणीसारखं भोक: स्कार्ट. अँटेनाचं दुसरं एक होतं, त्यात नेनादने लहानपणी प्लमची बी ठोकून बसवली होती. स्कार्टच्या वायरी असत्या तर सेलिमीरने त्यांना काहीबाही जोडून चित्र काढलंच असतं; त्या गेल्या की कॅसेट मुकी.

त्या वायरी कोठीत एका खोक्यात होत्या, आणि खोक्यावर सेलिमीरने कधीकाळी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: SKART.

इथे जरा थांबायला हवं. आमच्या भाषेत 'श्कार्त' म्हणजे नापास माल, भंगार. तो लिहिताना एसच्या डोक्यावर एक आकडी काढायची असते, म्हणजे त्याचा श होतो. पण आकड्या काढायला वेळ कोणाला आहे? खोक्यांवर, पाट्यांवर, फोनवर आम्ही सगळे बोडखे एस लिहितो आणि वाचणारा काय ते समजून घेतो. शुक्रवारी भंगारवाला एमीन कर्णा लावून "जुनं लोखंड, चुली, बॉयलर" करत गल्लीतून गेला, तेव्हा रुझित्साने काय ते समजून घेतलं आणि खोकं त्याच्या गाडीत ठेवलं.

रविवारी दुपारी सगळे जमले. कोबीच्या पानातल्या सार्मा झाल्या, चीजची गिबानित्सा झाली, सेलिमीरने काखेतून कॅसेट काढली आणि मग शोधाशोध सुरू झाली.

"इथलं खोकं कुठाय?" तिहोमीर कोठीतून ओरडला.

"ते होय? एमीनला दिलं," रुझित्सा लोणच्याची बशी फिरवत म्हणाली. "वर श्कार्त लिहिलं होतं की."

सेलिमीर मटकन बसला. "वहिनी, ते स्कार्ट होतं. स्कार्ट."

"मग तसं लिहायचं."

"तसंच लिहिलंय! आकडी दिसली का तुम्हाला एसवर?"

"तू आकडी देतोस कधी? लग्नाच्या पत्रिकेवर माझ्या आडनावाची आकडी खाल्लीस, अजून लोक मला भलत्याच घरची समजतात."

रुझित्साला मनातून असं हसू फुटत होतं की तिने चेहरा लोणच्याच्या बशीत घातला.

"आईची काही चूक नाही," नेनाद म्हणाला. "मुळात तो स्कार्ट भंगारच आहे. अवजड, वाकडा, धड बसत नाही. एचडीएमआय बघा, एक वायर, चित्र आणि आवाज दोन्ही."

"आणि तीनदा उलटी घातल्याशिवाय आत जात नाही," सेलिमीर म्हणाला. "माझ्या स्कार्टला एकवीस पिना होत्या पोरा. एकवीस. टीव्ही स्वतःहून चालू व्हायचा."

"स्वतःहून बंदही व्हायचा," शेजारच्या स्लाव्काबाई म्हणाल्या. त्या शाळेत संगणक शिकवायच्या आणि जेवायला आल्या तरी पर्समध्ये एखादी वायर असायचीच. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. "हिला म्हणतात डिस्प्लेपोर्ट. दोन बारीक दात आहेत तिला, एकदा बसली की बसली. एचडीएमआय सोफ्यावर लोळणाऱ्यांसाठी. विचार करणारी माणसं ही वापरतात."

"कुठे घालायची ही?" रादोयित्साने विचारलं.

स्लाव्काबाईंनी टीव्ही मागून पाहिला, प्लेअर मागून पाहिला. "इथे कुठेच नाही," त्या म्हणाल्या आणि थोड्या रुसल्या.

"पण बाई, मला एक सांगा," रादोयित्सा म्हणाला. " सगळ्यांना चित्रच न्यायचंय ना इथून तिथे? मग भोकं वेगळी का?"

"टीव्हीवाले एका खोलीत बसले, त्यांनी आपलं ठरवलं. संगणकवाले दुसऱ्या खोलीत बसले, त्यांनी आपलं."

"मधलं दार उघडायचं कोणाला सुचलं नाही?"

"दाराची मापंही जमली नाहीत," सेलिमीर म्हणाला.

रादोयित्साने ग्लास खाली ठेवला. "चला माझ्याकडे. माझा टीव्ही जुना आहे, नुसत्या तारा पिळून लावल्या तरी चालतो."

"अजिबात नाही," तिहोमीर म्हणाला. "तुमच्या घरात लावलं मेव्हणे, तर सफरचंद तुमच्या बाजूला पडेल. माझ्या पोराने आणलेल्या टीव्हीवर बघायचं."

रुझित्साचा जीव भांड्यात पडला. तिने कॉफीचं आधण ठेवलं. आणि तेवढ्यात सेलिमीरने खिशातून फोन काढून गावाच्या ग्रुपवर लिहिलं, अर्थातच आकड्यांवाचून: 'तातडीने. तिहोमीरला skart हवंय. ज्याच्याकडे जे असेल ते आणा.'

कॉफी उतू जायच्या आत पहिली हातगाडी फाटकात आली. वॉशिंग मशीनचं पिंप होतं तिच्यात. मग वाकडी सायकल आली. मग दोन भाऊ एक बॉयलर वाहत आले आणि म्हणाले, कुठे ठेवू. एका म्हातारीने इस्त्री आणली आणि ती देताना डोळे पुसले. जुना टीव्हीही आला, पण त्याची काच नव्हती आणि आत कोंबडी बसलेली होती. ती अंड्यांवर होती, म्हणून कोणी तिला उठवलं नाही. बिचाऱ्या देठखाऊवर काय वेळ आली म्हणून कोणी एक पक्ष्यांचा पिंजरा आणला, कोणी मोटारीचं दार. तिहोमीर पायरीवर उभा राहून प्रत्येकाचे आभार मानत होता, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. सेलिमीर ओरडून घसा बसवून घेत होता, "स्कार्ट रे, स्कार्ट, श नाही, स!" आणि लोक म्हणत होते, "हो हो, तेच आणलंय." अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. आलेला प्रत्येक जण राकियाला थांबला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिहोमीरची राकिया संपली. रादोयित्सा बॉयलरवर बसून इतका हसला की त्याच्या पाठीत उसण भरली.

रुझित्साही हसत होती. गावात इतका श्कार्त असेल आणि त्यात एकही स्कार्ट नसेल, याहून बरा रविवार तिने पाहिला नव्हता. मग गल्लीच्या टोकाला कर्णा ऐकू आला.

एमीनची गाडी काठोकाठ भरून आली होती. "दादा," तो खाली उतरून तिहोमीरला म्हणाला, "तुम्ही श्कार्त गोळा करायला लागलात म्हणजे माझ्या पोटावर पाय. पण शेजारधर्म म्हणून आणलंय. हे घ्या, ह्याच्यावर तर नावच लिहिलंय." आणि त्याने खोकं पुढे केलं.

रुझित्साचं हसू जागच्या जागी थांबलं.

त्यापुढचं सगळं फार भराभर झालं, आणि तिला काही करता आलं नाही. खोक्यातून स्कार्टची वायर निघाली. तिच्या दुसऱ्या टोकाला पिवळं, लाल, पांढरं अशी तीन बोंडं. ती घ्यायला स्लाव्काबाईंनी शाळेतून एक डबी आणली, तिच्यातून संगणकाचं जुनं निळं टोक बाहेर पडलं. निळ्या टोकाला धरणारी दुसरी डबी एमीनच्या गाडीत सापडली, आणि तिच्यातून शेवटी नेनादचं लाडकं एचडीएमआय निघालं. प्लेअरपासून टीव्हीपर्यंत सगळे एकमेकांचा हात धरून उभे राहिले, लग्नात कोलो नाचायला उभे राहतात तसे, एरवी एकमेकांशी बोलत नसलेले सुद्धा. डिस्प्लेपोर्टचाही उपयोग झाला. टेबलाचा एक पाय हलत होता, तो त्या वायरीने बांधून टाकला.

"बसली की बसली," स्लाव्काबाई खूश होऊन म्हणाल्या.

फक्त स्कार्ट बसेना. आपल्याच वजनाने ते लोंबायचं आणि चित्र जायचं.

"हे कोणीतरी हाताने धरून ठेवायला लागेल," सेलिमीर म्हणाला. "वहिनी, तुमचा हात स्थिर आहे. तुम्ही धरा."

अशी ती प्लेअरच्या मागे उकिडवी बसली, आणि सगळ्या गावाचं चित्र तिच्या मुठीत आलं. तिला रडू येईल की हसू, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या आल्या, मग सगळी माणसं हिरवी झाली, मग करडी. आवाज आलाच नाही. पण अंगण ओळखू आलं, आणि खोलीत दाटीने उभी असलेली माणसं ओळखू येईल त्याची नावं घेऊ लागली. तो बघ न्हावी, केस आहेत त्याला. ती बघ म्हातारी, अजून तरणी. पाद्री खुर्चीत. तरुण तिहोमीर बंदूक भरतोय, झाडतोय, पुन्हा भरतोय. कॅमेरा हलून थांबला. अक्रोड, काठी, आणि मागे ती खिडकी.

खिडकीत पांढरी बाही दिसली, तशी रुझित्साने मनगट जरासं कलतं केलं. पडदा काळा झाला.

"अरे," सगळी खोली म्हणाली.

"लोंबलं," ती म्हणाली. "हात अवघडला."

"मागे घे," रादोयित्सा म्हणाला. "हीच वेळ होती. माझा बार आता येणार होता."

सेलिमीरने कॅसेट मागे घेतली. पुन्हा न्हावी, पुन्हा पाद्री, पुन्हा बाही. पुन्हा काळा पडदा. आता रादोयित्साने मान वळवून तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं.

गर्दीतून वाट काढत तिहोमीर आला. वजन टाकत, हुंकार देत तो तिच्याशेजारी खाली बसला आणि त्याने आपला रुंद हात तिच्या मुठीवर ठेवला. दोघांच्या हातांखाली स्कार्ट असं घट्ट बसलं, जसं ते आजवर कधी बसलं नव्हतं.

"धर रुझो," तो तिच्या कानाशी म्हणाला. "तीस वर्षं ते सफरचंद चघळतोय. आता गिळू दे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. पडद्याकडे तिने पाहिलंच नाही. तिथे काय होतंय ते तिला खोलीच्या गप्प होण्यावरून कळलं. तिहोमीर बंदूक उघडून काडतूस शोधत होता. रादोयित्सा कणगीमागून बाहेर आलेला, त्याची बंदूक कणगीला टेकवलेली, दोन्ही हातांनी भाजलेली तंगडी खात होता. कोणीही बार काढत नव्हतं. खिडकीतून पांढरी बाही आली, मागे झटका बसला, आणि सफरचंद पडलं.

मग आपोआप सगळ्या माना पडद्यावरून प्लेअरमागे वळल्या.

"तुला माहीत होतं?" रुझित्साने विचारलं.

"बघ की," तिहोमीर म्हणाला.

पडद्यावरचा तिहोमीर धावत गेला. त्याने सफरचंद उचललं, फिरवून पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं. मग वऱ्हाड पोचायच्या आत त्याने देठाला बांधलेलं काहीतरी दातांनी तोडून खिशात घातलं, आणि सफरचंद खायला लागला. घाईघाईने, गाल फुगवून, कोणी हिसकावून घेईल अशा भीतीने.

"भोक नव्हतं ना त्याला," तिहोमीर म्हणाला. "एक साधा ओरखडा नाही. आईने पाहिलं असतं तर तुला या घरात बसू दिलं नसतं. मग काय करणार, खाल्लं. देठाला तुझी गाठ होती म्हणून देठही खाल्लं. फार कडू होतं."

"आणि मग आयुष्यभर—"

"कोणीतरी पाडलं असं म्हणायलाच हवं होतं. मी म्हणालो, मी पाडलं. मग मेव्हणे म्हणाले त्यांनी पाडलं. मला बरंच वाटलं, भांडण आमच्या दोघांत राहिलं, तिसऱ्याकडे कोणी बघितलं नाही."

रुझित्साला वाटलं होतं की ती तीस वर्षं या माणसाला सांभाळतेय. तिला डोळे पुसायचे होते, पण हात सोडता येत नव्हता, कारण सोडला असता तर चित्र गेलं असतं.

रादोयित्साचा तीस वर्षांचा बार त्या तंगडीसकट सगळ्यांनी पाहिला होता. शेवटी त्याला एक मुद्दा सापडला.

"दाजी," तो म्हणाला, "ती दोरी माझी होती."

"उत्तम दोरी होती," तिहोमीर म्हणाला. "मोरावा नदीत तिने एक कार्प मासा धरला मी. तुम्हाला खायला बोलावलं होतं."

"आणि त्या दोरीपायी मी इतकी वर्षं सेलिमीरला चोर म्हणतोय!" रादोयित्सा ओरडला.

"रोज म्हणतोस," सेलिमीर म्हणाला, आणि मग खोली फुटली. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसले. एमीनने बाहेर जाऊन कर्ण्यावरून गल्लीला सांगितलं की सफरचंद वहिनींनी पाडलं. अंगणात कोणीतरी मोटारीच्या दारावर ताल धरला, दुसऱ्याने वॉशिंग मशीनच्या पिंपावर. काच नसलेल्या टीव्हीतली कोंबडी संतापून ओरडू लागली.

"देठखाऊ," न्हावी डोळे पुसत म्हणाला, आणि या वेळी त्याने ते नाव असं घेतलं की तिहोमीर उकिडवा बसलेला असूनही अर्धी वीत उंच दिसला.

"अजून संपलं नाहीये," स्लाव्काबाई म्हणाल्या. "बघा, दार उघडतंय."

रुझित्सा प्लेअरच्या मागून मान लांब करून बघू लागली. तिहोमीरचा हात तिच्या हातावर तसाच होता. पडद्यावर करड्या अंगणात तिच्या घराचं दार उघडलं, आणि दोन्ही बाजूंना बायका रुमाल घेऊन तयार उभ्या होत्या, वधू रडत येईल म्हणून. वधू दोन्ही हातांनी झगा गुडघ्यांपर्यंत उचलून, ओढणी मागे टाकून, धावत बाहेर आली.